छापलंय तेवढंच वाच

जळोची, बारामती
३ सप्टेंबर २०२४

प्रिय मुजफ्फर,

जयभीम.

फोन करून उपयोग नाही. साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये फिटर म्हणून उभं आयुष्य काढलंस, त्या आवाजानं तुझे कान खाल्ले, आणि कानाचं यंत्र तू कपाटात ठेवून दिलंस. आमचा समाधान म्हणतो, शाहिदच्या मोबाइलवर लिहून पाठवा. पण तुझ्या पोराच्या मोबाइलवर मी माझं दुखणं कशाला मांडू? तुझ्याच हातात पडावं म्हणून कागदावर लिहितो.

दुखणं झोपेचं आहे. चतुरा गेली, संसारच संपला, भवानीनगरचं घर बंद केलं आणि मी मुलाकडं राहायला आलो. इथं काही कमी नाही. वेगळी खोली आहे, पंखा आहे, टीव्ही आहे. सून मोनाली वेळेवर ताट वाढते. नाही ती एकच गोष्ट: उठायचं कारण. तिकडं कारखान्याचा भोंगा झाला की मी रिटायर असूनही उठायचो. कँटीनबाहेरच्या बाकावर माणसं वाट बघत असायची, अप्पा येईल आणि पेपर वाचून दाखवील. इथं सकाळ होते, पण माझ्यावाचून होते.

दिवसभर दिवाणावर पडून राहतो. दुपारी डोळा लागतो, रात्री टक्क जागा. मोनाली हाडांच्या दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घेते. तिनं माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलंय. माणूस किती चालला, किती झोपला, सगळं त्याला कळतं म्हणे. ती सांगते, अप्पा, रोज चाला, झोप येईल. तिचं बरोबर आहे. पण चालू कुठं? जाऊन नुसतं परत यायचं असेल तर निघायचं कशाला? बैलसुद्धा चालतो तेव्हा मागं काहीतरी ओढत असतो.

परवा समाधान कामावर निघताना म्हणाला, अप्पा, तुम्ही फक्त आराम करा. मुजफ्फर, कामगारांच्या सभा गाजवत, वस्त्यावस्त्यांतून माणसं जागी करत मी आयुष्य घालवलं. त्या माणसाला शेवटी हा हुकूम मिळाला.

हे असंच राहिलं तर मी दिवाळी बघत नाही. आणि खरं सांगू, बघावी असं वाटतही नाही. हे तुझ्यामाझ्यात. समाधानला कळता कामा नये.

तुझा,
अप्पा


भवानीनगर, ता. इंदापूर
१२ सप्टेंबर २०२४

अप्पा,

सलाम. तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुझं दुखणं वाचून मला काय लिवावं सुचंना, म्हणून उशीर झाला.

आता माझं काम ऐक. माझी धाकटी बहीण मुनिरा बारामतीत ऱ्हाती, कालव्याच्या पलीकडं. तू तिला आमच्या शाहिदच्या लग्नात बगितलंय. ब्लाउज शिवायची, लई नाव व्हतं तिचं. आता तिचं डोळं गेल्यात. उजेड-अंधार कळतो, अक्षर दिसत न्हाय. नात मेहरीन दिवसभर कॉलेजात. पेपर दारात पडतो आन तसाच रद्दीत जातो. जिला लहानपनापासनं वाचायचं याड, ती बाई आता भिंतीकडं तोंड करून बसती.

तुला जमंल का रोज सकाळी जाऊन तिला पेपर वाचून दावायला? तुझ्या घरापासनं घाम यील एवढं अंतर हाय, पर वाट सपाट हाय. तुझ्यावर उपकार न्हाय, तूच माझ्यावर करायचा. दुसऱ्या कुनाला सांगावं तर बाईमानूस एकटी, मला भरोसा वाटत न्हाय.

एक अट. छापलंय तेवढंच वाच. कँटीनच्या बाकावर तू मधीमधी आपल्या पदरचं घालायचास, मॅनेजर काय बोलला न्हाय तेबी बोलला म्हनून वाचायचास, तसलं हितं नगं. तितं समद्यांला ठावं व्हतं. ही बिचारी खरं मानंल.

तुझा मुजफ्फर


जळोची
२९ ऑक्टोबर २०२४

प्रिय मुजफ्फर,

जयभीम. उशीर झाला कारण वेळ नव्हता. हे वाक्य लिहिताना मला किती बरं वाटलं हे तुला कळणार नाही.

पहिल्या दिवशी गेलो तो तुझ्या शब्दाखातर. मुनिराबाई खुर्चीत ताठ बसलेल्या. मी मथळे वाचले, त्यांनी मान हलवली, चहा झाला, मी निघालो. म्हटलं, आठवडाभर करू आणि सोडू. तिसऱ्या दिवशी ऊसदराची बातमी वाचली, तर म्हणतात, "भाऊ, यात शेतकरी बोललाच नाही, नुसते पुढारी बोलले." मी थक्क झालो. मग आमची जुंपली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दे काढून गेलो. आता संध्याकाळीच ठरवतो, उद्या त्यांना कुठं पकडायचं.

एक बघून जीव हलला. कोपऱ्यात शिलाई मशीन आहे, त्यावर चादर घातलेली. डोळे गेले तसं बाईनं मशीन झाकून टाकलं असणार. अंगावर अजून कधीमधी दोऱ्याची तुसं दिसतात. नातीनं काही शिवलं असेल. परवा चहा देताना बिचारीचा हात लागून माझा कप सांडला. मी म्हटलं, असू द्या. त्या नुसत्या "या अल्ला" म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. मला फार वाईट वाटलं.

तुझी अट पाळतो. छापलंय तेवढंच वाचतो. जवळजवळ.

आणि झोप! मुजफ्फर, रात्री पडलो की गेलो. दुपारी पडत नाही, कारण दुपारी मी ग्रंथालयात असतो, उद्याच्या तयारीसाठी. मी इतकी वर्षं समजत होतो की झोप म्हणजे रात्रीची बाब. ती सकाळची बाब आहे. उद्या कुणीतरी आपल्यासाठी दार उघडून बसणार आहे, एवढं पक्कं असलं की अंग आपोआप गादीला टेकतं. मोनाली घड्याळ बघून हसते. मी तिला म्हटलं, हे तुझ्या घड्याळाचं काम नव्हे, हे मुजफ्फरच्या विश्वासाचं आहे.

माझं आयुष्यभराचं भाषण आठवतं ना? माणसाला दया नको, काम द्या. तू मला काम दिलंस.

तुझाच,
अप्पा


भवानीनगर
२० नोव्हेंबर २०२४

अप्पा,

पत्र वाचून लई आनंद झाला. आमच्याकडं गाळप सुरू झालं, गावभर मळीचा वास सुटलाय. भोंगा मला ऐकू येत न्हाय, पर खिडकीची काच हादरती तवा कळतं.

असाच जात ऱ्हा. मागल्या आठवड्यात दोन राती तुला झोप न्हवती, ते कशापायी? खोकला झाला व्हता का? जप.

मुनिरा तुझं नाव काढती.

मुजफ्फर


जळोची
१६ जानेवारी २०२५

मुजफ्फर,

नोव्हेंबरात तू विचारलंस, दोन रात्री झोप का नव्हती. मी तुला ते लिहिलेलंच नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा, त्याच्याकडं डोळे उघडून कोण बघतं?

परवा जेवताना मोनाली हसत हसत बोलून गेली. म्हणाली, "अप्पा, मुनिरामावशी म्हणत होत्या, सकाळी स्वतः वाचलेला पेपरसुद्धा तुमच्या तोंडून ऐकला की नवा वाटतो."

मी विचारलं, "सकाळी कुणी वाचलेला?"

समाधानचा घास हातात राहिला. मोनालीनं आमटीचं पातेलं उचललं आणि आत घेऊन गेली. पातेलं भरलेलं होतं. आमटी अजून कुणालाच वाढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर निघालो. मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. खिडकीतून पाहिलं. चादर घडी करून बाजूला ठेवलेली, आणि मुनिराबाई सुईत दोरा ओवत होत्या. एका खेपेत ओवला. मला चष्मा लावून जमत नाही. मी दार न वाजवता मागं फिरलो.

घरी येऊन समाधानला समोर बसवलं. तेव्हा सगळं बाहेर आलं. माझं सप्टेंबरचं पत्र तू शाहिदकडून फोटो काढवून मोनालीला पाठवलंस. तुझ्यामाझ्यातलं म्हणून लिहिलेली ओळ माझ्या पोरानं आणि सुनेनं या घरात, माझ्या भिंतीपलीकडं बसून वाचली. मग तुम्ही तिघांनी ठरवलं, म्हाताऱ्याला काहीतरी लावून द्यायचं. बहीण तुझी, नाटक तुझं. आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ रोज मोनालीच्या मोबाइलला चहाडी सांगायचं, तिथून ती तुझ्याकडं पोचायची.

मी कामगारांना काय सांगत आलो? उपकार घेणारा हात आधी झुकतो, मग मान झुकते, मग माणूस. कँटीनमध्ये, कोपऱ्यावर, भर उन्हात, सभेला चार माणसं असली तरी मी हेच सांगितलं. तू पहिल्या रांगेत होतास. आणि तूच माझ्या हातावर भीक ठेवलीस, तीही कामाच्या कागदात गुंडाळून. उघड दिली असतीस तर फेकता तरी आली असती.

किती प्रामाणिकपणे मी जात होतो, मुजफ्फर! थंडीत मफलर गुंडाळून. पाय दुखत असताना. एका आंधळ्या बाईची सकाळ माझ्यावर अवलंबून आहे म्हणून. रस्त्यात कुणी थांबवलं तर मी सांगायचो, थांबता येत नाही, माझं काम आहे. आता ते सगळे चेहरे आठवतात. त्यातल्या किती जणांना माहीत होतं?

लहान पोराच्या हातात खेळण्यातला नांगर द्यावा आणि म्हणावं, बघ, आमचं रान कसं नांगरतंय. तुम्ही मला तेवढं केलंत.

अप्पा


भवानीनगर
२३ जानेवारी २०२५

अप्पा,

व्हय, दावलं. पत्र मी दावलं. शाहिदला फोटो मीच काढाय लावला. मोनालीचा दोष न्हाय, ती तर रडली.

दोस्त लिवतो, मी दिवाळी बगत न्हाय, बगावी वाटत न्हाय. वर लिवतो, कुनाला सांगू नगं. मग मी काय करायचं व्हतं? तुझा शब्द पाळून तुझ्या मातीला यायचं?

लोक म्हनायचे, मुजफ्फर भैरा, ह्याला काय कळतंय भाषणातलं, उगा पैल्या रांगेत बसतो. मला तुझं भाषण शेवटच्या वर्सांत एकबी ऐकू आलं न्हाय. मी तुझं हात बगायचो. हात वर गेला की टाळी कवा वाजवायची ते मला कळायचं. हात पडलं की कळायचं तू दमलास. त्या पत्रात मला तुझं पडलेलं हात दिसलं.

मुनिराला मी हात जोडलं तवा ती तयार झाली. तिला शिव्या देऊ नगंस.

घड्याळातली झोप मोनाली चित्रासारखी धाडायची. निळ्या पट्ट्या. पट्टी लांबली की मी शाहिदच्या आईला दावायचो, बग, अप्पा निजला. आमी दोगं त्या दिवशी च्या जास्त प्यायचो. ह्यात मी तुझी चेष्टा केली असं तुला वाटत असंल तर वाटू दे.

कारण खोटं व्हतं. पर झोप खरी व्हती का न्हाय?

मुजफ्फर


जळोची
३० जानेवारी २०२५

मुजफ्फर,

गुंगीच्या गोळीनं आलेली झोपही खरीच असते.

पत्र लिहू नकोस. आलेलं उघडणार नाही.

अप्पा


बारामती
२६ फेब्रुवारी २०२५

अप्पाभाऊ,

सलाम. पाकिटावर भावाचं नाव नाही म्हणून तुम्ही हे उघडलं असेल. अक्षर माझंच आहे.

मोनालीकडून कळलं की तुम्ही पुन्हा दिवसभर पडून असता, घड्याळ काढून टाकलंय आणि घरात कुणाशी धड बोलत नाही. मुजफ्फरभाई तर पोस्टमनच्या वाटेवर खुर्ची टाकून बसतात म्हणे. ते तुमचं तुम्ही बघा. मी माझं लिहिते.

मी खोटं बोलले. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. तुमची चाहूल लागली की मशीन झाकायचं आणि भिंतीकडं बघत बसायचं. गिऱ्हाइकांचे ब्लाउज उशिरा झाले, बायकांची बोलणी खाल्ली, आणि कारण सांगायची चोरी. तुमच्या चहात माशी पडली होती त्या दिवशी. मला दिसली, पण दिसली असं म्हणता येईना. म्हणून हात लागल्यासारखा करून कप सांडला. तुम्ही "असू द्या" म्हणालात आणि इतक्या मायेनं म्हणालात की मला तुमच्याकडं बघवेना. या खोट्याबद्दल तुम्ही मला जे म्हणाल ते कबूल आहे.

आता तुमचं. पेपर मी रोज तुमच्याआधी वाचलेला असायचा. त्यात नसलेलं तुम्ही मला वाचून दाखवलंत. "रिटायर माणसाला नुसती पेन्शन नको, कामाची पाळी द्या" हा अग्रलेख कुठल्या पेपरात आला होता? इंदापूर तालुक्यातल्या कुठल्या गावी म्हाताऱ्यांनी सभा भरवून पोरांना खाली बसवलं? पहिल्यांदा वाटलं, माझ्याच नजरेतून सुटलं. तुम्ही गेल्यावर सगळी पानं पालथी घातली. मग कळलं. त्यानंतर रोज वाट बघायचे, आज काय छापून आणणार. हसू दाबायला ओढणीचा पदर तोंडात धरायचे.

मला ठाऊक होतं म्हणून ती गंमत होती. पण तुम्हाला काय ठाऊक होतं? तुमच्या लेखी समोर एक आंधळी बाई होती. तिच्याकडं दुसरा पेपर नव्हता, दुसरे डोळे नव्हते. तिला तुम्ही छापलंय म्हणून स्वतःचं भाषण ऐकवलंत. भाईनं तर तुम्हाला अट घातली होती, हे मी त्यालाच विचारून घेतलं. तुमच्या रागाच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही, हेही विचारून घेतलं.

आंधळीला फसवणाऱ्यानं स्वाभिमानावर दुसऱ्याला पत्र लिहावं, हे मला सोसलं नाही. म्हणून लिहिलं.

या, असं म्हणत नाही. वाचून दाखवायला मला माणूस नको. मशीन आता उघडं असतं, ते पुन्हा झाकणार नाही.

मुनिरा


जळोची
१० मार्च २०२५

मुजफ्फर,

तुझी आलेली पत्रं उघडलेली नाहीत. उघडेन की नाही, सांगता येत नाही. हे पत्र त्यांचं उत्तर नाही.

तुझ्या बहिणीचं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी तिच्यावरच चिडलो. मग मुद्दे काढायला बसलो. समोर कागद घेऊन तिला उत्तर देणारं एकही वाक्य मला सापडलं नाही. आयुष्यात हे पहिल्यांदा झालं. तिसऱ्या दिवशी मफलर गुंडाळला आणि निघालो. समाधान दारात उभा होता. त्यानं बाजूला सरून वाट दिली.

मशीन उघडं होतं. रोजे चालू आहेत तरी तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "माशी नाही, बघून घेतलंय." मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "चष्मा द्या."

दिला. तिनं तो मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर लावून घेतला, आणि पेपर उघडून वाचायला लागली. मला तू ओळखतोस, चष्म्याविना मला मथळासुद्धा दिसत नाही. ती वाचत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन, बाजारभाव, कुठल्याशा सोसायटीची निवडणूक. मग त्याच सुरात तिनं वाचलं, जळोचीतल्या एका जुन्या वक्त्यानं आपल्या मित्राशी अबोला धरला असून दोन्ही तालुक्यांत त्याचीच चर्चा आहे.

मी म्हटलं, "हे छापलंय का?"

ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही मला कधी सांगितलंत?"

आता रोज जातो. रोज ड्रॉवर. काही बातम्यांना मी हसतो आणि त्या खऱ्या निघतात. काहींवर तावातावानं बोलतो आणि ती गालात हसते. खरं काय ते घरी येऊन आमच्या पेपरात तपासता येईल. मी तपासत नाही. समोरच्याच्या हातात आपले डोळे देणं म्हणजे काय, हे मला या वयात शिकावं लागतंय, आणि ते सोपं नाही.

तुला माफ केलेलं नाही, हे स्वच्छ लिहितो. तिनं माझ्याशी खोटं केलं, मी तिच्याशी केलं, आमची फिट्टंफाट झाली. मी तुझ्याशी काय केलं होतं? तुझ्या हातात एक ओळ ठेवली होती. ती तू दुसऱ्याला दिलीस. तू दिली नसतीस तर आज हे लिहायला मी नसतो, असं तू म्हणशील. कदाचित खरं असेल. ते खरं असलं तरी ती ओळ माझ्याकडं परत येत नाही.

घड्याळ मोनालीला देऊन टाकलं. निळ्या पट्ट्या आता तुझ्याकडं येणार नाहीत. मी सकाळी निघतो, चालतो, दुपारी पडत नाही, एवढं तुला कळवतो, कारण ते गल्लीतल्या कुणालाही दिसतं.

रात्री झोप लागते का, ते विचारू नकोस. ते मी आता कुणालाच सांगणार नाही.

अप्पा